आमच्याच घरी येणारा मलेरियावाला

अठ्ठावीस वर्षं मी लोकांची बोटं टोचली. सरकारी कागदावर माझं पद 'आरोग्य सेवक' असं भारदस्त होतं, पण त्या नावानं मला एकाही माणसानं कधी हाक मारली नाही. पाणंदीच्या तोंडाशी माझी सायकल दिसली की पोरं ओरडत सुटायची, "मलेरियो इलो! मलेरियो इलो!" आणि निम्मी वाडी मागच्या दाराने काजूच्या बागेत पसार व्हायची. नोकरीतले अनुभव लिहा म्हणून दिवाळी अंकवाल्यांचं पत्र आलं तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली, "बोट टोचण्यावर किती पानं लिवतलास?" प्रश्न रास्त होता. पण त्या नोकरीचं एक गिऱ्हाईक असं होतं की त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात काचपट्ट्या, सुया, स्पिरिटच्या कापसाची बाटली आणि पांढऱ्या कडू गोळ्या. धामापूरच्या तळ्याच्या आसपासच्या वाड्या माझ्याकडे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर व्हायलाच हवं. ताप आहे का, येऊन गेला का, तापाचा पाहुणा आलाय का, हे विचारायचं. असेल तर डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुसायचं, टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा आणि गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. 'समोर' हे महत्त्वाचं. एका म्हातारीनं माझ्या वर्षभराच्या गोळ्या माडाच्या मुळात पुरल्या होत्या. वर मलाच म्हणाली, "माडाक कीड लागलेली, ती गेली. आणखी आसत?"

आणि शेवटचं काम भिंतीवर. प्रत्येक घराच्या दाराशेजारी रंगाने छापलेली एक चौकट असे. तिच्यात भेटीची तारीख आणि सही. साहेब मागाहून येऊन ती तपासायचे. भिंतीवर तारीख नसेल तर माणूस घरी गेलाच नाही, असा खात्याचा कायदा. एका निवृत्त गुरुजींच्या घरी तर तारीख लिहिणं म्हणजे परीक्षाच. ते चष्मा लावून मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आठाचं पोट एवढं सुटलेलं कशाला?" मी खोडून पुन्हा काढायचो.

या सगळ्या घरांत एकच घर असं होतं, जिथे मी चौकशी न करता सरळ तारीख टाकायचो. ते माझं स्वतःचं. चहा पिता पिता चौकटीत पेन्सिल फिरवायची की झालं. आई हसायची. "मेल्या, माका ताप आसा काय नाय, ता तरी इचार!" मी म्हणायचो, "तुका ताप इलो तर तापाकच गोळी देवची लागात." अठ्ठावीस वर्षांत मी केलेल्या खोट्या नोंदी म्हणाल तर एवढ्याच.

जिल्हा रत्नागिरीतून नुकताच वेगळा झाला होता त्या सुमाराची गोष्ट. आई आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. सुमन शाळेत जायच्या घाईत होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. नारळाची कवड आईच्या हातातून निसटली, ती उचलायला आई वाकली आणि तशीच डाव्या अंगावर कलंडली. शेजारची गंगाकाकी धावत आली आणि बघताक्षणी म्हणाली, "अंगावरसून वारा गेला गो बाय." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जरा लांबलचक शब्दांत. गंगाकाकीनं पारव्याच्या रक्ताने अंग चोळायचा उपाय सुचवला. वर माझ्याकडे बघून, "तुका रक्ताचा काय कौतिक!" असंही म्हणाली.

पहिल्या झटक्यातून आई बरी सावरली. काठी घेऊन चालू लागली, बोलणं स्वच्छ होतं. डावा हात मात्र निकामी झाला. मूठ घट्ट मिटलेली, आणि बोटांना लागलेलं कळत नसे. मग सात-आठ महिन्यांनी दुसरा, लहानसा झटका आला, पुढे आणखी एक. दर वेळी अंग थोडं आणि डोकं जास्त जाई. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "ही जिन्याची उतरण आहे. माणूस एका पायरीवर काही महिने ठीक राहतो, मग एकदम खालच्या पायरीवर जातो. वर परत चढत नाही. आपल्या हातात एकच, रक्तदाबाची गोळी रोज पोटात जायला हवी. चुकली की पायरी गेली."

आणि नेमकी गोळीच ती घेईना. तोवर तिनं मला विसरायला सुरुवात केली होती. कधी मी तिचा भाऊ असे, कधी नुसताच "कोण रे तू?" न्हाणीघरात नेलं की ओरडायची, लुगडं बदलायला गेलं की उजव्या हातानं फटके द्यायची. तो हात भलता दणकट होता. गोळी पुढे केली की ओठ घट्ट. पेजेत कुस्करून घातली तर पेज थुंकायची. "माका इख घालतंस? शिरा पडो मेल्याच्या तोंडार!" माझी आई चार माणसांत मोठ्यानं बोलायची नाही. ती असं बोलायला लागली तेव्हा मी एकदा गोठ्याच्या मागे जाऊन रडलो. पुरुषासारखा पुरुष, पण रडलो.

दहा-बारा दिवस गोळी पोटात गेली नव्हती. एक दिवस दुपारी मी वाडीतून परतलो, तो सुमन पडवीत आईसमोर गोळी घेऊन गयावया करत होती. शनिवार, शाळा सकाळची. पाण्याच्या ओढीनं मी पिशवी न उतरवताच पुढच्या दाराने आलो. आईनं मान वर केली. पिशवीकडे बघितलं. एकदम पदर सारखा केला, सावरून बसली आणि म्हणाली, "इल्यात? बसा."

आणि उजव्या हातानं तिनं आपला मेलेला डावा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून उघडायला लागली. टोचायला.

मी सुमनकडे बघितलं. सुमन माझ्याकडे. मी पिशवी उघडली, बाटलीतला कापूस काढला, त्या थंडगार बोटाला लावला. टोचायची गरज नव्हती, काडेपेटीतली काडी उलटी धरून टेकवली. त्या बोटाला काय कळणार! काचपट्टी लावून उजेडात धरली.

"काय दिसता?"

"काय नाय, सगळा बरा आसा," मी म्हटलं. मग जीभ अडखळली, पण वाडीतल्या सगळ्या बायकांना म्हणायचो तेच म्हटलं, "काकी."

सुमनच्या हातातली गोळी घेतली आणि पुढे केली. आईनं ती तोंडात टाकली, पाणी प्याली, आणि शिस्तीच्या माणसासारखं तोंड उघडून गिळल्याचं दाखवलं. पण मी उठायला लागलो तर म्हणाली, "थांबा. लिवल्याशिवाय जाऊ नकात." मी दाराशी जाऊन तारीख टाकली. तेव्हा कुठे ती निर्धास्त झाली.

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज मलेरियावाला येऊ लागला. सकाळी उठून मी मुलगा म्हणून तिचं सगळं करायचो. सुमन मदतीला असायची, पण अंग उचलायचं काम माझं. फटके खात अंघोळ, शिव्या खात लुगडं, थुंकलेली पेज पुन्हा भरवणं. मग मागच्या दाराने बाहेर पडायचं, पिशवी खांद्याला लावायची, खळ्याला वळसा घालून पुढच्या दारी येऊन खाकरायचं. "इल्यात? बसा." गोळी सुरळीत जायची. गोळीबरोबर उरलेली पेजही जायची, कारण सरकारी माणसानं सांगितलं की गोळी भरल्या पोटी घ्यायची असते. रोज मूठ उघडायला लागत असल्यामुळे डाव्या हाताची बोटं जरा सैल झाली, तळव्यात रुतणारी नखं कापता येऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम कोण करून घेतं? मी म्हटलं, मलेरिया खातं.

फसवणूक होती का ही? होती. पण तिच्याकडून पिशवीला मिळायचा तो मान बघून मला पहिल्यांदाच आपल्या नोकरीची ऐट वाटली. लोक पळून जातात त्या माणसाला माझी आई बसा म्हणत होती. सलायचं ते एकच. ती मला 'तुमी' म्हणायची. जन्मात जिने 'मेल्या' आणि 'रे' शिवाय हाक मारली नाही, ती सावरून बसून म्हणायची, "तुमी दमल्यात आसतलास." मला वाटायचं, मेल्या म्हण गो एकदा.

दोनेक महिन्यांनी साहेब तपासणीला आले. साताऱ्याकडचे, बोलायला कडक, फिरायला त्याहून. आमच्या दारासमोर थांबले आणि चौकटीकडे बघतच राहिले. चौकट भरून तारखा बाहेर सांडल्या होत्या, पार खिडकीपर्यंत.

"हे काय आहे? पंधरा दिवसांनी एक भेट असताना इथे रोज? कोणाचं घर हे?"

"माझंच, साहेब."

"स्वतःच्या घरी रोज भेट देता आणि भिंतीवर लिहून ठेवता? डायरीत काय दाखवलंय?"

मी काही सांगणार, एवढ्यात पडवीतून आईनं आवाज दिला. तिला साहेबाचा रुबाब बरोबर कळला. "सायबानू, ह्यांची बदली करू नकात. बरो माणूस आसा. आदी एक येय, तो नुसती तारीख लिवन जाय. बोट काय टोची नाय."

आधी येणारा तो कोण, हे मला आणि सुमनला ठाऊक. सुमननं पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी जमिनीकडे. मग मी सगळं सांगितलं, खोट्या नोंदींसकट. ऐकून ते आईसमोर जाऊन बसले. आईनं हात उचलून पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला, बोट बघितलं, म्हणाले, "व्यवस्थित काम आहे, आजी." उठले आणि भिंतीवरच्या शेवटच्या तारखेखाली 'तपासले' म्हणून सही ठोकली. जाता जाता मला म्हणाले, "वरच्या वाडीनंतर खालची वाडी घेता ना? मध्ये तुमची घ्या. घर वाटेत लागेल. आणि भिंतीला चुना मारा, जागा संपली." त्या माणसाचं हे मी विसरलो नाही.

आता जे लिहितो ते लिहायला नको वाटतं, पण सोडलं तर बाकीचं खोटं पडेल. सुमनच्या शाळेची तपासणी होती. गंगाकाकी, जी आम्ही नसताना आईजवळ बसायची, ती मालवणला बाजाराला गेली होती. वरच्या वाडीत चार घरांत थंडीतापाची माणसं पडल्याचा निरोप आला. अर्ध्या तासात येतो असं स्वतःला सांगून मी आईला खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. परतलो तेव्हा आई खिडकीचा गज उजव्या हातानं धरून उभी होती. काठी खाली पडलेली, लुगडं ओलं झालेलं. किती वेळ एका पायावर उभी होती कोण जाणे. ओरडली असेल तेव्हा असेल, आता नुसती थरथरत होती.

मी कडी काढून आत गेलो. पिशवी खांद्यालाच होती. ती बघून आईच्या जिवात जीव आला.

"बरा झाला इल्यात. माका कोणीतरी कोंडून घातल्यान्."

मी तिला धरून खाली बसवलं.

"लिवन घेवा," ती म्हणाली. "सरकाराक सांगा. म्हाताऱ्या माणसाक कोंडतत."

मी डायरी काढली. ती बघत होती म्हणून नुसती पेन्सिल फिरवून भागणार नव्हतं, आणि भागवायचंही नव्हतं. मी लिहिलं, 'आज आईला खोलीत कोंडून ठेवले', आणि खाली कोंडणाऱ्याचं नाव लिहिलं. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, नाव सोडून. तिचं समाधान झालं. ते पान मी फाडलं नाही. साहेबांनी वाचलं असेल, त्यांनी कधी विषय काढला नाही.

पुन्हा कडी लावली नाही. ज्या दिवशी कोणीच नसेल त्या दिवशी रजा. रजा संपल्या तेव्हा बिनपगारी. मात्र एक भीती मनात जाऊन बसली. मलेरियावाला म्हणून आईशी रोज गप्पा व्हायच्या. पावसाच्या, भाताच्या, कोणाकडे म्हैस व्याली त्याच्या. एक साधा प्रश्न मी कुठल्याही घरी विचारतो, तो तिला विचारायची छाती होत नव्हती. "घरात कोण कोण आसा? झील खंय आसता?" मुलगा कुठे असतो, एवढंच. ती म्हणाली असती, झील नाय माका, तर? किंवा म्हणाली असती, तोच माका कोंडता, तर? खरं म्हणजे मला एवढंच हवं होतं, की तिच्या डोक्यात कुठल्यातरी कोपऱ्यात मी शिल्लक असावा. पण नसलो तर ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. असं दीड वर्ष गेलं.

बाकी ते दीड वर्ष वाईट नव्हतं, हे आज सांगितलं तर लोकांना पटत नाही. गोळी रोज जात होती, पायरी टिकली होती. आई खायची, ऊन खात पडवीत बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला "लिवलास काय?" विचारायची. पोस्टमननंही एकदा भिंतीवर तारीख टाकली. घरात हसणं परत आलं होतं. सुमन म्हणायची, सासूबाईंचं माझ्याशी एवढं कधी पटलं नव्हतं.

मग आश्विनात, भात कापणीला आलं होतं तेव्हा, आईला बारीक ताप आला आणि आठ दिवस तिची फार सेवा करावी लागली. ताप उतरला, पण मी पार थकलो होतो. नवव्या दिवशी, सकाळचं सगळं आवरून, फटके खाऊन, मी मागून वळसा घालून पुढे आलो. बसलो. बोट पुसलं, काडी टेकवली, गोळी दिली. आई उन्हात बसली होती आणि चेहरा स्वच्छ, शांत होता. थकव्यानं माणसाची भीतीही दमते की काय कोण जाणे. माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

"काकी, झील खंय आसता तुमचो?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हा काय विचारण्यासारखा प्रश्न आहे?

"भितूर आसा."

मी कापसाच्या बाटलीला बूच लावायला लागलो.

"माझा सगळा तोच करता," ती म्हणाली. "न्हाऊक घालता, लुगडा बदलता, पेज भरवता. मी गाळी घालतंय तेका. मारतंय सुदीक. पण कायएक बोलणा नाय."

मी काहीतरी म्हणणार होतो. काय ते आठवत नाही. आईनं उजवा हात वर करून मला थांबवलं आणि आवाज उतरवला.

"मोठ्यान् बोलू नकात. आठ दिस तेच्या डोळ्याक डोळो नाय. आता निजलो आसतलो. निजांदे वाइच."

"व्हय," मी हळूच म्हटलं. तारीख लिहिली, पेन्सिलीचा आवाज होऊ न देता. चपला हातात घेतल्या आणि वळसा घालून मागच्या दाराने घरात आलो. पिशवी खुंटीला लावली. बाहेर गंगाकाकी आल्याचं ऐकू आलं, आणि आई तिला दटावत होती, "हळू गो, झील निजलो आसा."

मी चटई टाकली आणि, भर नोकरीच्या वेळेत, दुपार टळेपर्यंत झोपलो.